उंबर आपण खात नाही, पाखरे खातात

जैन घरातील मुलांना पाठशाळेत ज्या गोष्टी फार लवकर शिकविल्या जातात, त्यांत पाच फळांची नावे असतात : वड, पिंपळ, पाकर, उंबर आणि कठूमर. ही पंचउदुंबर फळे आपण अभक्ष्य मानतो. त्याचे कारणही मुलांना पाठ असते. या फळांच्या पोटात असंख्य त्रस जीव नांदत असतात आणि फळ खाणे म्हणजे त्या जीवांचा घात करणे होय. आजचे वनस्पतिशास्त्रही या झाडांविषयी तेच सांगते. उंबर हे साधे फळ नसून आत मिटलेल्या शेकडो बारीक फुलांची ती एक पिशवी असते. टोकाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते, फुलांचे परागण करते, तेथेच अंडी घालते आणि तिची पुढची पिढी त्याच फळात वाढते. वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी, उंबराची निराळी. झाडावाचून माशी नाही आणि माशीवाचून झाडाला बी नाही.

या नियमाची दुसरी बाजू मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येते. माणसाने सोडलेले हे फळ वाया जात नाही. आंबा, जांभूळ ठरावीक ऋतूतच फळतात. वड-उंबराच्या कुळात मात्र एक झाड चैत्रात पिकते, दुसरे भाद्रपदात, तिसरे पौषात. त्यामुळे वर्षाचा असा महिना नसतो की परिसरातील एखादे तरी झाड पिकलेले नाही. इतर झाडे रिकामी असतात तेव्हा तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, हळद्या आणि राखी धनेश याच झाडांवर जगतात. आपल्या राज्याचा पक्षी हरियल हाही त्यांतलाच. हरियल कबुतराचाच भाऊबंद, पण पिवळ्या पायांचा, हिरवट अंगाचा आणि फळांवर जगणारा. चौकात कितीही ज्वारी टाकली तरी तो येणार नाही, वडाचे झाड पिकले की मात्र न बोलावता येईल.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी या लेखाचे सांगणे एवढेच आहे. पाखरांवरील आपली दया आजवर मुख्यतः दाण्याच्या रूपाने व्यक्त झाली. यापुढे ती झाड, पाणी आणि निवारा यांच्या रूपाने व्यक्त होणे अधिक गरजेचे आहे.

दाणा, पाणी आणि निवारा

जीवदयेची आपली परंपरा केवळ भावनेची नाही, व्यवस्थेचीही आहे. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली सुरू झाली, त्यामागे सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर अमीचंद शहा हे आपले व्यापारी होते. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आजही चालते. गुजरात-कच्छमधील गावांत आणि अहमदाबादच्या पोळांत उभे असलेले चबुतरे तर आपल्यापैकी अनेकांनी आजोळी पाहिले असतील. त्या चबुतऱ्यांत दाण्याची जागा उंचावर असे, अनेकांना बसण्यासाठी कोनाडे असत, आणि जवळच गावचे तळे व वडाचा पार असे. दाणा, पाणी आणि निवारा ही तिन्ही तेथे एकत्र नांदत.

शहरात आल्यावर या तिघांतला दाणा तेवढा आपण बरोबर आणला. तळे राहिले, वडाचा पार राहिला. त्याचा परिणाम असा झाला की जो पक्षी केवळ दाण्यावर आणि दगडी कपारीवर जगू शकतो तोच आपल्या दयेचा लाभार्थी ठरला.

तो पक्षी म्हणजे कबुतर. मुळात ते कडेकपारीत राहणारे. उंच इमारतींचे सज्जे, डक्ट आणि वातानुकूलन यंत्रांमागच्या जागा या त्याच्या दृष्टीने कपारीच होत. अन्न बारमाही मिळाले तर ते वर्षभर अंडी घालते, एका वेळी सहसा दोन. म्हणजे आपण टाकलेला दाणा केवळ आजच्या भुकेल्या जीवाला पोसत नाही, उद्याची संख्याही तोच ठरवितो. दुसरीकडे, त्यांच्या विष्ठेची व पिसांची धूळ सतत श्वासात गेल्याने काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती दीर्घकाळ राहिल्यास फुप्फुसे कडक होतात, हे छातीरोगतज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत. शेजारच्या घरातील आजारी वृद्धही आपल्या दयेचा विषय आहेत, हे विसरून चालणार नाही.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश महापालिकेला दिले. ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि समाजात मोठी खळबळ उडाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या वादाची उजळणी येथे करावयाची नाही. कबुतर हाही पंचेंद्रिय जीव आहे आणि त्याच्याविषयी वैरभाव आपल्याला शोभणार नाही. पण या निमित्ताने एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे : उपनगरात दिसणाऱ्या इतर पाखरांसाठी आपण काय केले?

शेजारीच अरण्य आहे

जगातील फार थोड्या महानगरांना लाभलेले भाग्य आपल्या उपनगरांना लाभले आहे. पश्चिमेला बोरिवली आणि पूर्वेला मुलुंड यांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. कान्हेरीची लेणी, तुळशी व विहार हे तलाव त्याच परिसरात आहेत. अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोव्याकडे खाडीकाठची तिवरांची वने आहेत, तर मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेस ठाणे खाडी आहे. तिचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. पक्षीअभ्यासाची देशातील जुनी व मान्यवर संस्था बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून याच शहरात कार्यरत आहे.

थोडक्यात, पाखरे फार दूर गेलेली नाहीत, फक्त त्यांच्या मार्गात विसाव्याची ठिकाणे उरलेली नाहीत. अरण्यातून निघालेला हळद्या किंवा तांबट एका उड्डाणात घाटकोपरच्या टिळक रोडवर येत नाही. त्याला वाटेत एक झाड, मग दुसरे, मग तिसरे लागते. पूर्वी दोन-तीन मजली इमारतींच्या कंपाउंडमधील आंबा, फणस, शेवगा, उंबर ही कामगिरी पार पाडीत. आज त्याच इमारती पुनर्विकासात जात आहेत. नव्या संकुलात पोडियमवर हिरवळ आणि पामची रांग असते. दिसावयास ती सुंदर असते, पण पाखराला तेथे ना फळ मिळते, ना घरट्यासाठी फांदी.

म्हणून पाखरांसाठी सर्वांत परिणामकारक काम खिडकीत नव्हे, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत होऊ शकते. पुनर्विकासाचा आराखडा समोर येतो तेव्हा आपण चटई क्षेत्र, पार्किंग, कॉर्पस यांवर तासन्‌तास बोलतो. त्याच सभेत दोन प्रश्न विचारावेत : उभ्या झाडांपैकी कोणती जागेवरच राखता येतील? आणि तळघर नसलेली, खऱ्या मातीची जागा किती व कोठे सुटणार आहे? महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये पालिकेच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळू शकतो. एक जुने झाड वाचविणे हे शंभर रोपे लावण्याहून मोठे काम आहे, कारण पोकळी, जाड फांद्या आणि भरघोस फळे रोपाला अनेक वर्षे येत नाहीत.

जागा पाहून झाड

वड, पिंपळ आणि उंबर यांची थोरवी सांगितली तरी ते इमारतीला खेटून लावू नयेत. त्यांची मुळे भिंतीत व गटारात शिरतात. मोठे मैदान, जिनालयाचे प्रशस्त आवार, शाळेची वा धर्मशाळेची जागा, गावाकडील शेत ही त्यांची योग्य ठिकाणे. आपल्या संघाची अशी जागा असेल तर तेथे एक वड लावावा, त्याचा लाभ पुढच्या कित्येक पिढ्यांतील पाखरांना मिळेल.

सोसायटीच्या मध्यम कंपाउंडसाठी बकुळ, करंज, जांभूळ, कदंब, सीता-अशोक आणि ताम्हण उत्तम. ताम्हण हे आपले राज्यपुष्पही आहे. मोकळी जागा असेल तर पांगारा वा काटेसावर लावावी. हिवाळ्याच्या अखेरीस पाने झडून लाल फुले आली की मधुरसासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची झुंबड उडते. शेवगा तर प्रत्येक सोसायटीत असावाच. त्याच्या फुलांवर शिंजीर येतात.

लहान जागेत वा कुंड्यांत जास्वंद, अडुळसा, धायटी, अबोली आणि कढीपत्ता लावावा. कढीपत्त्याची काळी फळे बुलबुलाला फार प्रिय आहेत, पण आपण शेंडे खुडत राहतो म्हणून झाड फळांवर येत नाही. एखादी फांदी त्याच्यासाठी सोडावी. कठड्यावर गुळवेल वा मधुमालती चढविली तर दाट पानांत शिंपी आणि बुलबूल घरटे करतात. शिंपी कोळ्याच्या जाळ्याचे व कापसाचे धागे वापरून पाने शिवतो आणि त्यात घरटे बांधतो. शिंजीरही आपले लोंबते घरटे कोळ्याच्या तंतूंनीच बांधतो. बागेतील प्रत्येक जळमट झटकून टाकण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तांबट आपले घर वाळलेल्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडून तयार करतो. २०११ साली मुंबईचा शहरपक्षी म्हणून निवडला गेलेला तो हाच ‘टुक्‌-टुक्‌’ करणारा पक्षी. आपण वाळकी फांदी दिसली की कुरूप म्हणून कापतो. ती कोणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल तर तशीच राहू द्यावी. तांबटाने सोडलेल्या पोकळीत पुढे इतर लहान पक्षीही संसार थाटतात.

पाण्याचे पात्र आणि जयणा

उन्हाळ्यात दाण्यापेक्षा पाण्याची गरज मोठी. मातीचे पसरट, दोन इंचांहून खोल नसलेले पात्र घ्यावे आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखरे व मधमाश्या त्यावर बसून पाणी पितात आणि बुडत नाहीत. पात्र सावलीत, पण मांजराला झडप घालता येणार नाही अशा मोकळ्या जागी असावे.

येथे आपली जयणा फार उपयोगी पडते. पाणी रोज बदलावे, गाळून भरावे. सूर्यास्तापूर्वी पात्र रिकामे करून पालथे घालावे. त्यामुळे रात्री कीटक त्यात पडून मरत नाहीत आणि डासांची अंडीही होत नाहीत. शिळे पाणी कुंडीत ओतावे. पात्र नारळाच्या काथ्याने घासून उन्हात वाळवावे, साबण वापरू नये. गलिच्छ पात्रातून एका पाखराचा रोग दुसऱ्याला जडतो, तेव्हा स्वच्छतेवाचून ठेवलेले पाणी ही दया ठरत नाही.

दाणा ठेवावयाचाच असेल तर चिमण्यांसाठी बाजरी, राळा वा तांदळाची कणी मूठभर घ्यावी आणि ती लहान तोंडाच्या, कबुतराला शिरता न येणाऱ्या लटकत्या पात्रात ठेवावी. संध्याकाळपर्यंत संपेल एवढाच ठेवावा. उरलेल्या दाण्यावर रात्री उंदीर येतात आणि ओल्या दाण्यात जीव पडतात. गाठिया, शेव, बिस्किटे, खारे शेंगदाणे पाखरांना देऊ नयेत. खाडीवर सीगल पक्ष्यांपुढे फरसाण उधळण्याची हौसही सोडलेली बरी. ते मासे खाणारे पक्षी आहेत, तळलेला व खारट पदार्थ त्यांचे अन्न नाही.

चिमणी आणि दुकान

चिमणीचे आणि व्यापारी पेढीचे नाते जुने आहे. दाणाबंदरची गोदामे असोत वा मुलुंड-घाटकोपरची किराणा दुकाने, गोण्यांतून सांडणाऱ्या धान्यावर आणि पाटीमागच्या फटीवर चिमण्यांच्या पिढ्या जगल्या. धान्य बंद पाकिटांत आले, दुकानांना काचा आणि शटर आले आणि चिमणीचे दोन्ही आधार गेले. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी उभ्या केलेल्या कार्यातून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस साजरा होऊ लागला.

दुकानाच्या पाटीखाली किंवा घराच्या सज्जाखाली लाकडी घरटे लावणे अवघड नाही. प्रवेशाचे भोक ३२ मिलिमीटर व्यासाचे ठेवावे. चिमणी त्यातून आत जाते, कबुतर वा कावळा जाऊ शकत नाही. दयाळ व साळुंकीसाठी सुमारे ५ सेंटिमीटरचे भोक लागते. पेटी जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, पंख्यापासून दूर असावी. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो, म्हणून तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावे. पिले उडून गेल्यावर, घरटे पूर्ण रिकामे असल्याची खात्री करूनच ते साफ करावे.

मात्र एक सत्य समजून घ्यावे. प्रौढ चिमणी धान्य खात असली तरी पिलांना पहिले दिवस ती किडे-अळ्याच भरविते. तो तिचा निसर्ग आहे. आपण तिला किडे पुरवावयाचे नाहीत. आपण एवढेच करावयाचे की बागेत विषारी फवारणी करू नये, पालापाचोळा जाळू नये, तो झाडाच्या बुंध्याशी कुजू द्यावा. फवारणीने जेवढे सूक्ष्म जीव मरतात तेवढ्यांची हिंसा आपल्या हातून टळते आणि बागेतील सृष्टी आपापल्या क्रमाने चालू राहते. या बाबतीत मनात शंका असेल त्यांनी गुरुभगवंतांचे मार्गदर्शन अवश्य घ्यावे.

जे करू नये

पर्युषणात किंवा वाढदिवशी पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा काही ठिकाणी अजून आहे. हेतू निर्मळ असतो, पण आपण व्यापारी माणसे आहोत. मागणी आली की पुरवठा वाढतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. सोडण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक पोपटामागे फासेपारधी पुन्हा जाळे लावतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानपाखरांची खरेदी-विक्री आणि पोपट पाळणेही निषिद्ध आहे. ती रक्कम घायाळ पक्ष्यांच्या उपचारासाठी द्यावी.

सज्जाला कबुतरांसाठी जाळी लावली असेल तर ती ताणलेली असावी. सैल जाळीत पाखरांचे पाय व पंख अडकतात. मोठ्या काचेत आकाशाचे प्रतिबिंब दिसून पाखरे आदळत असतील तर काचेवर बाहेरून पट्ट्या किंवा ठिपके लावावेत. मकरसंक्रांतीस आपल्या अनेक मंडळांची पक्षीउपचार शिबिरे होतात, ती स्तुत्यच आहेत. पण नायलॉन मांजा आपल्या घरातील मुलाच्या हाती न देणे हा त्याहून आधीचा उपचार होय. झाडांवर रोषणाईच्या माळा गुंडाळू नयेत आणि खिळे ठोकू नयेत.

आणि छाटणी. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात झाडे छाटली जातात. कावळ्यांसह कितीतरी पक्ष्यांची अंडी-पिले नेमकी तेव्हाच घरट्यांत असतात. धोकादायक फांद्या काढाव्याच लागतात, तरी कामगार चढण्यापूर्वी कमिटीच्या एका सदस्याने दुर्बिणीतून वा गच्चीवरून फांद्या पाहाव्यात. घरटे असलेली फांदी शक्य असल्यास काही आठवडे थांबवावी, किंवा ही छाटणी हिवाळ्याच्या आरंभीच उरकून घ्यावी.

चातुर्मासापूर्वीचा संकल्प

झाड लावण्याचे खड्डे चैत्र-वैशाखात, माती कोरडी असतानाच खणून ठेवावेत. तेव्हा मातीत जीवांची वर्दळ कमी असते आणि ऊन लागून खड्डाही तापतो. पहिल्या सरींनंतर रोप लावून बुंध्याभोवती निदान तीन फूट माती मोकळी ठेवावी, सिमेंट वा फरशीने ती बुजवू नये. पुढील दोन उन्हाळे त्याला पाणी घालण्याची जबाबदारी कोणाची, हे रोप आणण्यापूर्वीच नावानिशी ठरवावे. फोटो काढून लावलेली झाडे पुष्कळ असतात, दुसरा वैशाख पाहणारी थोडी.

पाठशाळेतील मुलांनाही यात सामील करून घ्यावे. पाच उदुंबरांची नावे त्यांना पाठ आहेतच. त्या पाच झाडांपैकी किती झाडे आपल्या विभागात आहेत, ती कोणत्या महिन्यात फळतात आणि त्यांवर कोणती पाखरे येतात, याची वही मुलांनी वर्षभर ठेवावी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील संघांनी अशा वह्या एकमेकांना दाखविल्या तर कोठे झाड उरले आहे आणि कोठे लावावयास हवे, हे नेमके कळेल. फळ न खाण्याचा नियम आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो. आता ते फळ ज्यांचे आहे, त्यांच्यासाठी झाड राखण्याचा नियमही त्यास जोडावा.